रागवायला घरात कुणी उरलं नाही : जुन्या जपानी कौटुंबिक सिनेमाविषयी

आईचे अंत्यविधी आटोपून भावंडं एका खानावळीत जेवायला बसली आहेत. वडील उठून जरा बाहेर गेल्यावर थोरली मुलगी शिगे बोलून जाते, खरं तर बाबा आधी गेले असते तर बरं झालं असतं. आई मागे राहिली असती तर तिला टोकियोला नेता आलं असतं. मग ती धाकट्या बहिणीकडे वळते आणि विचारते, आईचा तो उन्हाळी ओबी, म्हणजे किमोनोवर कमरेला बांधायचा पट्टा, अजून आहे ना? आठवण म्हणून मला हवा होता. आणखी एक कपडाही ती मागून घेते. पुन्हा जेवण सुरू. त्याच दिवशीच्या गाडीने ती आणि तिचा मोठा भाऊ टोकियोला परत जातात.

हा यासुजिरो ओझू यांच्या 'टोकियो स्टोरी' या १९५३ च्या चित्रपटातला प्रसंग. पहिल्यांदा बघताना शिगेचा राग येतो, सगळ्यांनाच येतो. गंमत म्हणजे चित्रपट मात्र तिच्यावर रागावत नाही. आई जाणार हे डॉक्टर भावाकडून कळल्यावर हीच बाई हमसून हमसून रडलेली असते आणि ते रडणं खोटं नसतं. कुणी तिला सुनावत नाही, नियती तिला धडा शिकवत नाही. आपल्याकडच्या म्हाताऱ्या आईबापांच्या गोष्टींत पोरं किंवा सुना एकदा खलनायक ठरल्या की पुढचं सोपं जातं; शेवटी कुणीतरी त्यांची कानउघाडणी करतं आणि प्रेक्षक मोकळा होतो. इथे तशी सोय नाही.

या चित्रपटांवर बोलताना 'जुन्या संस्कारांचा ऱ्हास', 'परंपरा विरुद्ध आधुनिकता' असे ठोकळेबाज शब्द हमखास येतात. ते चूक आहेत असं नाही, पण त्यांनी फारसं काही उलगडत नाही. मला विचाराल तर या चित्रपटांची किल्ली कायद्याच्या पुस्तकात आहे. जपानमध्ये घरातलं कर्तव्य विसाव्या शतकाच्या मध्यावर, ठरावीक तारखेला, कायद्यातून काढून टाकलं गेलं. माणसांच्या मनातून ते गेलं नाही. मधल्या या रिकाम्या जागेत हे सगळे चित्रपट घडतात.

तर आधी तो कायदा.

१८९८ साली जपानच्या मेइजी सरकारने नागरी कायद्यात कुटुंबाची एक पक्की चौकट बसवली. देशातला प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या 'घरा'चा सदस्य आणि प्रत्येक घराला एक कर्ता. लग्न करायचं तर वय कितीही असो, कर्त्याची संमती हवी. शिवाय पुरुषाला तिशीपर्यंत आणि स्त्रीला पंचविशीपर्यंत आईवडिलांचीही संमती हवी. संमतीविना लग्न केलंच तर कर्ता त्या माणसाचं नाव घराच्या नोंदीतून काढून टाकू शकायचा. कर्तेपद आणि त्यासोबत घराची मालमत्ता साधारणपणे थोरल्या मुलाकडे जायची. त्याबदल्यात आईवडिलांचं म्हातारपण आणि पूर्वजांचं देवघर त्याच्या गळ्यात. धाकट्यांना मोकळीक, पण वाटा नाही. लग्न झालेल्या बाईला पैशाचा कुठलाही मोठा व्यवहार नवऱ्याच्या परवानगीशिवाय करता येत नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात जपान हरला, अमेरिकेचा अंमल आला आणि नवी राज्यघटना लिहिली गेली. ती ३ मे १९४७ रोजी लागू झाली. तिचं चोविसावं कलम सांगतं, की लग्न केवळ त्या दोघांच्या संमतीने होईल आणि पती-पत्नींचे हक्क समान असतील. या कलमाचा पहिला खर्डा बियाते सिरोटा या अवघ्या २२ वर्षांच्या तरुणीने केला होता. तिचं बालपण टोकियोत गेलेलं, त्यामुळे जपानी घरांमधल्या बायकांचं काय चालतं हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. मग १ जानेवारी १९४८ पासून सुधारलेला नागरी कायदा आला. 'घर' ही कायदेशीर संस्था रद्द. कर्ता रद्द. सगळ्या मुलांना सारखा वाटा.

आईवडिलांना सांभाळायची जबाबदारी मात्र या कायद्याने रद्द केली नाही, ती सगळ्या मुलांवर मिळून टाकली. आता सगळ्यांचं काम म्हटलं की ते कुणाचं होतं, हे वेगळं सांगायला नको. त्यात सर्व नागरिकांना पोचेल अशी पेन्शन जपानमध्ये १९६१ साली आली आणि नोकरीतून निवृत्तीचं वय बऱ्याच ठिकाणी ५५ होतं. म्हणजे १९५३ मधल्या म्हाताऱ्या माणसाचा खरा आधार अजूनही पोटची पोरंच, पण त्यांपैकी नेमकं कोण, हे सांगणारं पुस्तक पाच वर्षांपूर्वी बंद झालेलं.

हे डोक्यात ठेवून 'टोकियो स्टोरी' परत बघा. हिरायामा नावाचं म्हातारं जोडपं ओनोमिची या किनाऱ्यावरच्या गावात राहतं. थोरला कोइची टोकियोच्या एका टोकाला घरातच दवाखाना चालवणारा डॉक्टर. शिगेचं ब्युटी पार्लर. एक मुलगा ओसाकाला रेल्वेत, सगळ्यात धाकटी क्योको गावात शिक्षिका. मधला मुलगा शोजी युद्धात गेला, त्याला आठ वर्षं झाली; त्याची विधवा नोरिको टोकियोत एका खोलीत राहते आणि ऑफिसात नोकरी करते. म्हातारा-म्हातारी मुलांना भेटायला टोकियोला येतात. मुलांना वेळ नसतो. इतकीच गोष्ट.

जुन्या कायद्याने कोइची हा वारस झाला असता आणि प्रश्नच मिटला असता. इथे त्याच्याकडे आईवडील आले की नातवाचं अभ्यासाचं टेबल खोलीबाहेर काढावं लागतं आणि नातू त्यावरून थयथयाट करतो. रविवारी शहर दाखवायला न्यायचं ठरतं, सगळे तयार होतात आणि नेमका पेशंट येतो. पेशंट म्हणजे एक आजारी मूल, त्याला नाही कसं म्हणणार? कोइची काही चुकीचं करत नाही. शिगेचं तसं नाही. नवरा सासू-सासऱ्यांसाठी चांगला केक घेऊन येतो तर ही त्याच्यावर करवादते, एवढं महागाचं कशाला, साधी बिस्किटं चालली असती. बोलता बोलता स्वतः त्यातलाच तुकडा तोंडात टाकते. पार्लरमधली गिऱ्हाईक विचारते हे कोण, तर सांगते, गावाकडचे ओळखीचे आहेत. हारुको सुगिमुरा या नटीने ही शिगे अशी काही उभी केली आहे की आपल्याच नात्यातली एखादी बाई आठवते आणि जरा वेळाने आपणही आठवतो.

मग दोघं भावंडं वर्गणी काढून आईवडिलांना आतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर पाठवतात. वरवर पाहता किती चांगली मुलं. पण ते हॉटेल स्वस्तातलं, तरुण मंडळींच्या गोंगाटाचं. रात्रभर झोप नाही, म्हणून म्हातारी माणसं दुसऱ्याच दिवशी परत येतात आणि शिगेच्या कपाळावर आठी उमटते, कारण त्या संध्याकाळी तिच्या घरी व्यवसायातल्या बायकांची बैठक आहे. बाहेर पडल्यावर म्हातारा बायकोला हसत म्हणतो, शेवटी आपण बेघर झालो की. तो हसतो हे महत्त्वाचं. त्या रात्री तो जुन्या मित्रांबरोबर दारू प्यायला जातो, म्हातारी नोरिकोच्या खोलीवर झोपते. ज्या घरांमध्ये हक्क होता तिथे जागा नाही. जिथे कुठलाही हक्क नाही तिथे अंथरूण घातलेलं आहे.

नोरिकोची गोष्ट कायद्याच्या बाजूने पाहिली की आणखी धारदार होते. सासू-सासरे आधी एकदा तिच्या खोलीवर येतात तेव्हा घरात काही नसतं, म्हणून ती शेजारणीकडून साके, म्हणजे तांदळाची दारू, आणि पेलेसुद्धा उसने आणते. ऑफिसातून रजा काढून त्यांना बसने टोकियो दाखवते. सासूच्या हातात पैसे ठेवते. जुन्या काळी विधवा सून ही सासरच्या घराची सदस्य, तिला त्या घरातून बाहेर पडायलाही कर्त्याची परवानगी लागायची. नव्या कायद्यात नवरा गेल्यावर सासरचं नातं तिला हवं तर नोंद करून संपवताही येतं. म्हणजे या अख्ख्या कुटुंबात जिच्यावर सगळ्यात कमी बंधन आहे, तीच सगळं करते. शेवटी म्हातारा तिला सांगतो, आम्ही वाढवलेल्या मुलांपेक्षा तू, जी म्हटली तर परकी, तूच आमचं जास्त केलंस. आणि सांगतो, शोजीला विसर, पुन्हा लग्न कर. एके काळी कर्ता म्हणून ज्याच्या हाती तिला अडवण्याचा अधिकार असता, तो स्वतःच तिला मोकळं करतो आहे.

नोरिको यावर म्हणते ते ऐकण्यासारखं आहे. ती म्हणते, मी तुम्हाला वाटते तितकी चांगली नाही. असे दिवस जातात की मला शोजींची आठवणही येत नाही. कशाची तरी मी वाट बघते आहे. इतका वेळ जिला आपण देवी समजत होतो ती देवी नाही, हे तिने स्वतःच सांगून टाकलं. त्याआधी धाकटी क्योको चिडून तिच्याशी बोललेली असते, बहीण-भाऊ किती स्वार्थी आहेत म्हणून. नोरिको भावंडांचीच बाजू घेते. वय वाढलं की प्रत्येकाचं स्वतःचं आयुष्य तयार होतं, म्हणते. मीही कदाचित तशीच होईन. क्योको विचारते, आयुष्य निराशाजनक असतं ना? नोरिको हसून म्हणते, हो, असतं. सेत्सुको हारा या अभिनेत्रीचं ते हसू जपानी सिनेमात फार प्रसिद्ध आहे, आणि त्याचा अर्थ काय यावर माणसं अजून भांडतात.

ओझूंनी हीच गोष्ट जवळजवळ अशीच बारा वर्षं आधी केली होती, त्या दोन चित्रपटांमधला फरक सगळं सांगून जातो. १९४१ चा 'ब्रदर्स अँड सिस्टर्स ऑफ द तोदा फॅमिली'. वडील वारतात, मागे कर्ज निघतं, आई आणि धाकटी बहीण लग्न झालेल्या मुलांच्या घरी पाळीपाळीने राहू लागतात आणि कुठेच धड टिकत नाहीत. आपल्याला चांगलीच ओळखीची गोष्ट. पण तिथे वर्षश्राद्धाला दुसरा मुलगा चीनमधल्या तिआनजिनहून येतो आणि भरल्या ताटावर सगळ्या भावंडांची खरडपट्टी काढतो. भावंडं मान खाली घालून ऐकून घेतात. तेव्हा कर्तव्याच्या मागे समाज होता, कायदा होता, सरकारही होतं, म्हणून रागवणाऱ्याच्या शब्दाला वजन होतं. १९५३ मध्ये कुणाच्या जोरावर रागवणार? म्हणूनच क्योको चिडते ती वहिनीपाशी, भावंडं निघून गेल्यावर.

याचा अर्थ युद्धाआधी सगळं आलबेल होतं असा नाही, आणि ओझू तसं म्हणतही नाहीत. त्यांचा पहिला बोलपट, १९३६ चा 'द ओन्ली सन', बघा. शिन्शूच्या डोंगराळ भागातली विधवा आई रेशमाच्या गिरणीत राबून, घर-जमीन विकून मुलाला टोकियोत शिकवते. बऱ्याच वर्षांनी भेटायला जाते तर मुलगा रात्रशाळेतला मास्तर, शहराच्या कडेला पत्र्याच्या घरासारख्या घरात राहणारा, आणि त्याला बायको-मूल आहे हेही तिला तिथेच कळतं. पाहुणचार करायला त्याला पैसे उसने घ्यावे लागतात. जुनी चौकट जशीच्या तशी शाबूत असतानाही तिने सगळ्यांना पोसलं नव्हतं.

आता लग्नांकडे येऊ, कारण ओझूंच्या निम्म्या चित्रपटांत कुणाच्या तरी लग्नाचा घोर असतो. जपानमध्ये तेव्हा बहुतेक लग्नं ठरवून व्हायची. मध्यस्थ स्थळ आणायचा, फोटो बघायचे, मग दोन्हीकडची मंडळी समोरासमोर बसायची. आपला कांदेपोह्यांचा कार्यक्रम, फक्त पोह्यांच्या जागी चहा. प्रेमविवाहांनी ठरवलेल्या लग्नांना मागे टाकलं ते थेट १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात. कायदा झाला १९४८ ला. वीसेक वर्षं लोक जुन्या पद्धतीनेच लग्नं ठरवत होते, फक्त आता नाही म्हणायची सोय होती.

१९४९ चा 'लेट स्प्रिंग' या सोयीवर उभा आहे, आणि तोही उलट्या दिशेने. कामाकुरात राहणारे प्राध्यापक सोमिया, वय ५६, आणि त्यांची २७ वर्षांची मुलगी. हिचंही नाव नोरिकोच. युद्धात राबून तिची तब्येत ढासळली होती, आता ती बरी झाली आहे. तिला लग्न करायचं नाही. बाबांबरोबर राहायचं आहे, त्यांची सेवा करायची आहे. जुन्या चष्म्यातून बघितलं तर किती आदर्श मुलगी! पण आत्याबाई मागे लागतात आणि वडिलांनाही पटतं की हिला आता घरात ठेवणं हा आपलाच स्वार्थ आहे. अधिकार तर राहिलेला नाही, 'कर' म्हणून सांगता येत नाही. मग ते खोटं बोलतात. मी दुसरं लग्न करतो आहे, असं तिला भासवतात. वडिलांच्या एका विधुर मित्राने पुन्हा लग्न केलं तेव्हा हीच नोरिको त्याला हसत हसत 'किळसवाणं' म्हणाली होती, म्हणजे हे खोटं कुठे जाऊन लागणार हे बाप ओळखून आहे.

शेवटच्या सहलीला दोघं क्योतोला जातात. तिथल्या खोलीत सामान भरता भरता ती म्हणते, मला असंच तुमच्याबरोबर राहू द्या, लग्न करून याहून सुखी होईन असं मला वाटत नाही. वडील तिला समजावतात. लग्न झालं की लगेच सुख मिळतं हा समज चुकीचा आहे, ते दोघांनी घडवावं लागतं, त्याला वर्ष लागेल, दोन लागतील, पाच-दहाही लागतील. तुझी आई सुरुवातीला सुखी नव्हती, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ती रडताना मी कितीदा पाहिली आहे. हे वाक्य ऐकून मी दरवेळी जरा थबकतो. मुलीला ज्या वाटेवर ढकलायचं, तिची जाहिरात म्हणून तिच्या आईचं रडणं सांगायचं! यात प्रेम आहे, प्रामाणिकपणा आहे आणि एक प्रकारची क्रूरताही आहे. नोरिको हो म्हणते. घटनेच्या चोविसाव्या कलमाप्रमाणे सगळं रीतसर: तिच्या संमतीने लग्न. संमती मिळवली कशी, ते कलम विचारत नाही.

हा चित्रपट अमेरिकन अंमलाच्या काळात बनला. तेव्हा पटकथा त्यांच्या कार्यालयातून मंजूर करून घ्याव्या लागत, आणि व्यक्तिस्वातंत्र्य व लोकशाही यांना उचलून धरणाऱ्या गोष्टी त्यांना हव्या असत. ओझूंनी स्वातंत्र्य दाखवलं खरं, पण बंधन तोडून बाहेर पडणारी मुलगी न दाखवता, मुलीने घेतलेलं बंधन जबरदस्तीने सोडवणारा बाप दाखवला. आणि नवरामुलगा? तो पडद्यावर येतच नाही. तो म्हणे गॅरी कूपर या अमेरिकन नटासारखा दिसतो, एवढंच कळतं. लग्नसोहळाही नाही. गोष्ट बाप-लेकीची आहे, नवऱ्याचं इथे काय काम, असा साधा हिशेब.

दोन वर्षांनी आलेल्या 'अर्ली समर'मध्ये हिशेब फिरतो. इथली नोरिको २८ वर्षांची, कमावती, चेष्टेखोर. नऊशे येनचा केक घरी आणून वहिनीबरोबर मिटक्या मारत खाणारी. घरचे तिच्यासाठी चाळिशी ओलांडलेल्या एका श्रीमंत माणसाचं स्थळ बघत असतात. एका रात्री शेजारच्या म्हाताऱ्या बाई सहज बोलून जातात, तू माझ्या मुलाशी लग्न केलं असतंस तर किती बरं झालं असतं. मुलगा विधुर, पदरात लहान मूल, आणि बदली दूर अकिताला. नोरिको तिथल्या तिथे म्हणते, माझ्यासारखी थोराड मुलगी चालेल तुम्हाला? म्हातारीचा कानांवर विश्वास बसत नाही. घरी आल्यावर मोठा भाऊ संतापतो तो एकाच गोष्टीवरून, कुणाला न विचारता ठरवलंसच कसं? अर्ध्या पिढीपूर्वी याच भावाने किंवा वडिलांनी हे लग्न सरळ मोडलं असतं. आता ते गप्प बसतात. तिचा पगार गेल्यावर एकत्र घर चालवणं अवघड होतं, आईवडील यामातोला मोठ्या काकांकडे राहायला जातात आणि घर विखुरतं. एका मुलीने एकदा स्वतःच्या मनाने हो म्हटलं, त्याची ही किंमत. ओझू ती किंमत लपवत नाहीत आणि तिला दोषही देत नाहीत.

या दोन चित्रपटांतल्या आणि 'टोकियो स्टोरी'तल्या नोरिको एकच नव्हेत, नावं तेवढी सारखी. तिन्ही भूमिका सेत्सुको हारांच्याच. म्हातारा बाप म्हणून दिसणारे चिशू र्‍यू 'टोकियो स्टोरी'च्या वेळी पन्नाशीचेही नव्हते. ओझू स्वतः अविवाहित, आयुष्यभर आईबरोबर राहिले. पटकथा ते कोगो नोदा यांच्यासोबत लिहायचे. १२ डिसेंबर १९६३ रोजी, आपल्या साठाव्या वाढदिवशी, ते गेले.

सारखं ओझू ओझू करतो आहे, पण या प्रकारचा सिनेमा काही त्यांनी एकट्याने घडवला नाही. शोचिकू या कंपनीत शिरो किदो नावाचे स्टुडिओप्रमुख होते. सामान्य माणसाचं रोजचं जगणं, थोडं हसू, थोडे अश्रू, आणि बायकांना आपलं वाटेल असं काही, हे त्यांचं धोरण. टोकियोतला कामाता स्टुडिओ आणि १९३६ पासून कामाकुराजवळचा ओफुना स्टुडिओ इथे हा साचा घोटला गेला. त्याच कंपनीत उमेदवारी करून पुढे दुसऱ्या कंपनीत गेलेले मिकिओ नारुसे हे या सगळ्यांत मला जास्त जवळचे वाटतात, कारण ओझू ज्या गोष्टीबद्दल सभ्यपणे गप्प राहतात ती गोष्ट नारुसे टेबलावर मोजून ठेवतात. पैसा.

त्यांच्या १९६० च्या 'व्हेन अ वुमन असेंड्स द स्टेअर्स'मध्ये केइको ही विधवा टोकियोच्या गिन्झा भागातला एक बार सांभाळते. आई तिच्या पैशावर अवलंबून. भावाला वकिलासाठी पैसे हवेत, त्याच्या मुलाच्या पोलिओच्या शस्त्रक्रियेसाठीही हवेत. आणि ज्या धंद्यातून हे पैसे येतात त्याबद्दल नाक मुरडायला घरचे मोकळे. कर्तव्याचा वारस जुन्या कायद्यात थोरला मुलगा होता. नव्या काळात, कुठेही लिहिलेलं नसताना, तो जो कमावेल तो झाला, आणि कमावणारी बाई असेल तर तिला मान तेवढा मिळाला नाही. हिदेको ताकामिने यांनी ही केइको केली आहे. दमलेल्या बाईचं इतकं नेमकं काम मी क्वचितच पाहिलं आहे.

नारुसेंचाच १९६४ चा 'यर्निंग', मूळ नाव 'मिदारेरु', त्याहून पुढे जातो. शिमिझू गावातलं एक किराणा दुकान. रेइको लग्नानंतर सहा महिन्यांत विधवा झाली, दुकान बॉम्बहल्ल्यात जळालं, तिने ते पुन्हा उभं केलं आणि अठरा वर्षं चालवलं. आता गावात सुपरमार्केट येतं. जाहिरात करत फिरणारी गाडी, पाडलेले भाव, आणि बारमध्ये सुपरमार्केटवाले उकडलेली अंडी खाण्याची पैज लावतात तो प्रसंग. छोटा दुकानदार जी अंडी नफ्यासाठी मोजून विकतो ती इथे खेळ म्हणून संपवली जातात. बाजारातला बदल याहून कमी शब्दांत कुणी दाखवला असेल असं वाटत नाही. धाकटा दीर म्हणतो, आपणही दुकानाचं सुपरमार्केट करू आणि वहिनी त्यात संचालक होईल. लग्न झालेल्या नणंदांना हे पटत नाही. संचालक झाली तर तिचा कायमचा वाटा. त्यापेक्षा तिने दुसरं लग्न करावं, तिच्यासाठी स्थळही आणलेलं आहे. बोलणं सगळं तिच्या भल्याचं, किती गोड! 'टोकियो स्टोरी'तला सासरा 'लग्न कर' म्हणतो तेव्हा ती सुटका असते. तेच वाक्य नणंदेच्या तोंडून आलं की ती हकालपट्टी होते. त्यातच दीर सांगतो की त्याचं वहिनीवर प्रेम आहे. पुढचं सांगत नाही.

सगळ्यात कडू केसुके किनोशिता. त्यांचा 'अ जॅपनीज ट्रॅजेडी' हाही १९५३ चाच. विधवा आई आतामीतल्या खानावळीत काम करून, नको ते सोसून मुलगा-मुलगी वाढवते. ती ज्या प्रकारे पैसे मिळवते त्याची मुलांना लाज वाटते. वैद्यकीय शिक्षण घेणारा मुलगा एका श्रीमंत डॉक्टरच्या घरी दत्तक जायचं ठरवतो. जपानमध्ये घराणं किंवा व्यवसाय चालू राहावा म्हणून मोठ्या माणसाला दत्तक घेणं रूढ होतं. मधूनमधून किनोशिता खऱ्या बातमीपटांचे तुकडे घालतात, म्हणजे ही एका बाईची गोष्ट आहे असं समजून आपण निसटायला नको. हा चित्रपट एकट्याने रात्री बघू नका, एवढा सल्ला.

नंतरच्या काळात हवा बदलते. १९५५ नंतर जपानमध्ये पैसा खेळू लागला. टीव्ही, वॉशिंग मशीन आणि फ्रीज ही मध्यमवर्गाची तीन रत्नं झाली. १९५९ मध्ये युवराजांचं सामान्य घरातल्या मुलीशी, टेनिस कोर्टवर ओळख झालेल्या मिचिकोंशी लग्न झालं आणि ते बघायला लोकांनी टीव्ही घेतले. त्याच वर्षीच्या ओझूंच्या 'गुड मॉर्निंग'मध्ये टीव्ही हवा म्हणून दोन पोरं मौनव्रत धरतात. त्यांच्याच १९५८ च्या 'इक्विनॉक्स फ्लॉवर'मधला बाप दुसऱ्याच्या लग्नात प्रेमविवाहाचं तोंड भरून कौतुक करतो आणि स्वतःच्या मुलीने तेच केल्यावर अडून बसतो. त्याची बायको त्याला शांतपणे सांगते की तुमच्या बोलण्यात विसंगती आहे. ओझूंच्या शेवटच्या, १९६२ च्या 'ॲन ऑटम आफ्टरनून'मध्ये तर लग्न झालेला मुलगा फ्रीजसाठी म्हणून बापाकडे पैसे मागतो आणि त्यात गोल्फच्या काठ्यांचे पैसेही धरून ठेवतो. पैसा आता खालून वर न येता वरून खाली वाहू लागलेला.

बघायची पद्धत थोडी सांगतो, नाहीतर पहिली वीस मिनिटं 'काही घडतच नाही' म्हणून बंद कराल. ओझूंचा कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्याही डोळ्यांखाली असतो आणि सहसा हलत नाही. बोलणारा माणूस जवळजवळ आपल्याकडे बघून बोलतो, त्यामुळे आपण त्या घरात मांडी घालून बसल्यासारखं होतं. दोन प्रसंगांच्या मधे धुराडी, वाळत घातलेले कपडे, रिकामी बोळ असं काहीतरी क्षणभर दिसतं. मोठ्या घटना ते खुशाल गाळतात: ओनोमिचीहून टोकियोपर्यंतचा प्रवास नाही, लग्नं नाहीत. त्यामुळे लक्ष आपोआप घटनेच्या आधीच्या आणि नंतरच्या बोलण्याकडे जातं, आणि कोण काय बोललं नाही याकडे. नारुसेंचं तसं नाही, त्यांची माणसं सारखी चालत असतात, जिने चढत असतात, हिशेब करत असतात.

सुरुवात कुठून करायची, तर 'टोकियो स्टोरी'पासून करू नका, असं माझं मत. तो थोर आहे म्हणून आधीच इतकं ऐकलेलं असतं की आपण श्रद्धेने बघतो आणि मग कंटाळा आला तरी कबूल करत नाही. आधी 'गुड मॉर्निंग' बघा, घरातल्या लहान मुलांना घेऊन. त्यात पादण्याचे विनोद भरपूर आहेत. मग 'अर्ली समर'. मग 'टोकियो स्टोरी'. आणि तो संपल्यावर दुसऱ्याच दिवशी नारुसेंचा 'यर्निंग' लावा, म्हणजे विधवा सुनेच्या चांगुलपणाचा भाव नणंदा कसा ठरवतात तेही कळेल.